वीस पाकिटे, वीस पट्ट्या

चाखणीच्या खोलीची खिडकी उत्तरेला आहे. भाजलेल्या कॉफीच्या बियांचा रंग पारखताना थेट ऊन डोळ्यांना फसवते, म्हणून ती मुद्दाम त्या बाजूला ठेवलेली. त्यामुळे आमच्याकडे सकाळ उन्हाच्या रूपाने येत नाही. ती आधी समोरच्या गोदामाच्या पांढऱ्या भिंतीवर उतरते, तिथे थोडी थबकते, आणि मग दुसऱ्याच्या घरी आल्यासारखी संकोचून आत येते. साडेसातला ती छताशी असते. तिला तेव्हा रंग म्हणावा असा रंग नसतो; दुधाचे भांडे विसळलेल्या पाण्यासारखी ती दिसते. मग ती भिंतीवरून खाली सरकते, कपाटाच्या काचेवरचे बोटांचे ठसे दाखवते, किटलीच्या तोटीवर एक बारीक रेघ ओढते, आणि आठच्या सुमारास लांब टेबलावर तीन-तीनच्या ओळींत मांडलेल्या पांढऱ्या वाट्यांपर्यंत पोहोचते. एकेका वाटीच्या काठावर ती चढते, आत डोकावते, तळाशी जाऊन बसते. आणि रिकामी वाटी क्षणभर भरल्यासारखी वाटते. रोज तो क्षण मी एकटा पाहत असे. कुणाशी बोलावे लागत नसे. या नोकरीतली मला सर्वांत प्रिय गोष्ट हीच होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

त्या सकाळी वाट्यांच्या शेजारी एक खाकी पाकीट ठेवलेले होते. मालकांना मशरूम कॉफी बाजारात आणायची होती. अळंबीची पूड आणि कॉफी यांचे ते मिश्रण एका पुरवठादाराने पाठवले होते, आणि आम्ही दोघांनी चव घेऊन अहवाल द्यायचा होता. आम्ही दोघे म्हणजे मी आणि मोठ्या बाई. बाई तीस वर्षे या टेबलापाशी उभ्या आहेत. कंपनीत सगळेच त्यांना मोठ्या बाई म्हणतात. मालकसुद्धा, निदान समोर तरी.

पहिल्या घोटाला भाजलेल्या कॉफीचा वास आला. मग मध्येच कुणी दिवा मालवावा तशी चव थांबली, आणि तिच्या जागी ओली माती, जुन्या पेटीतला कागद आणि काहीतरी किंचित खारट असे जिभेच्या मागच्या बाजूला येऊन बसले. बसले ते उठेना. बाईंनी तोंडातला घोट बादलीत टाकला, पाण्याने चूळ भरली आणि वहीत लिहिण्याऐवजी खिडकीबाहेर पाहिले.

"भिजलेला बूट कपाटात ठेवला आणि आठवड्यानं त्याची आठवण झाली," त्या म्हणाल्या. "एवढंच लिही."

सोबतच्या पत्रकात मात्र पुष्कळ लिहिलेले होते. एकाग्रता वाढते, झोप शांत लागते, थकवा जातो, प्रतिकारशक्ती सुधारते, नसांना बळ मिळते. बाईंनी ते चष्मा कपाळावर सरकवून वाचले. जाग आणि झोप दोन्ही एकाच कपात कशी, हे त्यांना कळेना. हे पिऊन माणूस बहुधा झोपेतच हुशार होत असावा, असे त्या म्हणाल्या. अळंबी धान्याच्या दाण्यांवर वाढवतात, आणि पुष्कळदा दाण्यांसकटच दळतात, तेव्हा या पुडीत अळंबी किती आणि धान्य किती, हे त्यांनी पुरवठादाराला लिहून विचारले. उत्तरादाखल एका जंगलाचे सुंदर छायाचित्र आले. पुरावा मागितला, तर उंदरांवरचा एक निबंध आला. बाईंनी विचारले, की उंदरांना चव कशी वाटली ते कुणी टिपून ठेवले आहे का. मी हसलो. पण माझे डोळे पत्रकातल्या शेवटच्या तीन शब्दांवरून हलत नव्हते. नसांना बळ मिळते.

माझे बाबा पितळेवर अक्षरे कोरतात. दारावरच्या पाट्या, पदके, निवृत्त होणाऱ्याला द्यायची तबके. यंत्राने नव्हे, हाताने, कोरणीने, डोळ्याला भिंग लावून. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. दीड वर्षापूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि कंप थोडा कमी होईल, जाणार नाही, असे स्वच्छ सांगितले. स्वच्छ सांगितलेल्या गोष्टी आमच्या घरात कुणी पुन्हा उच्चारत नाही. आई होती तेव्हापासूनची ती सवय आहे.

दुकानात बाबांच्या शेजारी ताई बसत असे. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. गिऱ्हाईक, पितळ कापणे, घासणे, पोचवणे, सगळे तिच्याकडे. कोरायला बाबांनी खरे तर मला बसवले होते, मी तेरा वर्षांचा असताना. दोन उन्हाळे बसून मी उठलो. मग ती बसली. त्याबद्दल तिने मला कधी बोल लावला नाही. मी मात्र मागच्या दाराने ये-जा करू लागलो, आणि दुकानाच्या खोलीत पाय ठेवण्याची मला फारशी गरज पडेनाशी झाली.

पाकीट येण्याच्या आठवडाभर आधी ताईने मला स्वयंपाकघरात गाठले होते. दुसऱ्या शहरातल्या पदके बनवणाऱ्या एका कारखान्याने तिला बोलावले होते. कोरीव कामाच्या विभागात जागा होती, राहायला खोली होती, आणि महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा होता. बाबांना एकटे ठेवता येत नव्हते. सकाळचे चार तास मी दुकानात बसेन का, आणि कंपनीत दुपारची पाळी मागून घेईन का, एवढेच तिने विचारले. मी विचार करतो म्हणालो. ती म्हणाली, कर, पण तुझा विचार म्हणजे लोणी तापवायला ठेवून गावाला जाण्यासारखं असतं.

दुपारच्या पाळीत वाट्यांवर प्रकाश नसतो. मला खरोखर एवढेच आठवले, आणि त्याची लाजही वाटली.

म्हणून ते पाकीट मी घरी आणले. बाबांचा हात जर सावरला, तर ताई जाऊ शकत होती, आणि मला कुठेच जावे लागत नव्हते.

रविवारी तिघे बसलो. बाबांनी कप दोन्ही हातांनी धरला, कारण आता ते तसाच धरत. एक घोट घेऊन त्यांनी तो बराच वेळ तोंडात ठेवला, माझ्यासारखे करावे म्हणून.

"कडू औषध गुणकारी असतं म्हणतात," ते म्हणाले. "मग हे अमृतच असणार."

"नाकोबा," ताई मला म्हणाली, "तुझं नाक कंपनीनं पगारावर ठेवलंय ना? मग हे घरात कसं येऊ दिलंस?"

"चवीसाठी नाही आणलं."

"ते कळलं पिऊन."

मी त्यांना प्रयोग समजावून सांगितला, आणि सांगताना मला माझाच आवाज कधी नव्हे इतका ठाम वाटला. चाखणीत आम्ही कधीही माहीत असलेल्या वाटीला गुण देत नाही. प्रत्येक वाटीखाली तीन आकडी क्रमांक असतो, आणि कोणत्या क्रमांकात काय आहे ती यादी बंद असते. तसेच इथे करायचे. वीस पाकिटे, वीस दिवस. दहांत मशरूम कॉफी. दहांत साधी कॉफी, पण भाजलेल्या धान्याची पूड मिसळून तितकीच मातकट केलेली. ताईने रोज सकाळी एक पाकीट करून द्यायचे. बाबांनी तासाभराने पितळेच्या पट्टीवर एक अक्षर कोरायचे, आणि पट्टीच्या पाठीवर तारीख घालून ती पत्र्याच्या डब्यात टाकायची. अक्षर बाबांनीच निवडले. ह. त्यात हाताला टेकायला कुठे सरळ जागाच नाही, म्हणाले. लबाडी लगेच उघडी पडते.

मी सकाळी सहालाच निघत असल्यामुळे, आणि रविवारीही दुकानाच्या खोलीत फिरकत नसल्यामुळे, कोरताना मी कधी नसे. संध्याकाळी आलो की डबा उघडून त्या दिवसाची पट्टी भिंगाखाली धरत असे. अक्षरे चांगली होती. नुसती चांगली नव्हती. स्वच्छ, खोल, कडेला कुठे ओरखडा नसलेली. बाबा समोर बसून माझ्या चेहऱ्याकडे पाहत, हात मांडीखाली दाबून. मी म्हणे, छान आलंय. ते म्हणत, येतंय खरं. ताई आत भांडी घासत असे आणि भांड्यांचा आवाज थोडा वाढे.

विसाव्या दिवशी मी यादी उघडली. मशरूमच्या दहा दिवसांत अक्षर स्थिर होते. साध्या कॉफीच्या दहा दिवसांतही ते तितकेच स्थिर होते. कोणत्याही प्रामाणिक टेबलावर याचा अर्थ एकच निघाला असता, की पुडीचा हाताशी काहीही संबंध नाही. मी वहीत लिहिले: परिणाम शरीरात साचत जातो, त्यामुळे मधल्या दिवशीही टिकून राहतो. वाक्य सुबक होते. सुबक वाक्यांवर माझा नेहमीच जरा जास्त विश्वास बसतो.

मालकांना मी ते सांगितले, आणि मालक खुर्चीतून उठलेच. चवीचे काय ते वेलची आणि साखर घालून बघू, ते म्हणाले, पण असा माणूस सोन्यासारखा असतो. दोन दिवसांत डब्याच्या छपाईचा नमुना आला. मागच्या बाजूला ओळ होती: 'बासष्ट वर्षांच्या एका कारागिराचा थरथरता हात वीस दिवसांत स्थिर झाला.'

त्याच संध्याकाळी मी ताईला म्हणालो, की आता तू होकार कळव, बाबांचं बाबा बघू शकतील. ती कपडे वाळत घालत होती. तिने एक चादर झटकली, दोरीवर टाकली, तिचे चारही कोपरे ओढून सरळ केले.

"हो का?" ती म्हणाली.

मला वाटले, तिला आनंद झाला असून तो दाखवता येत नाही. आमच्या घरात ते नवे नव्हते.

अहवालावर मोठ्या बाईंची सही लागते. त्यांनी ती केली नाही. त्या रागावल्या नाहीत; फक्त म्हणाल्या, की पट्ट्या आण, आणि आजारपणाआधीच्या बाबांच्या दोन-तीन जुन्या पट्ट्याही आण. मी दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या रुमालात बांधून नेल्या. खरे तर अभिमानाने नेल्या.

चाखणीत एक साधी परीक्षा असते. तीन वाट्या ठेवतात. दोहोंत एकच कॉफी, तिसरीत वेगळी. वेगळी ओळखायची. बाईंनी टेबलावर पांढरे फडके पसरले, जुनी एक पट्टी आणि नव्या दोन त्यावर मांडल्या, मला पाठ फिरवायला सांगितली, आणि त्या हलवून ठेवल्या. मग भिंग दिले. मी वळलो आणि वेगळी पट्टी उचलली.

"परत," बाई म्हणाल्या.

या वेळी जुन्या दोन आणि नवी एक होती. मी उचलली. असे त्यांनी सहा वेळा केले. सहाही वेळा मी चुकलो नाही. सहाव्या वेळी तर मला भिंगही लागले नाही.

"बरा झालेला हात आपल्या जुन्या अक्षराकडे परत येतो," त्या म्हणाल्या. "हा कुठून परत आलेला नाही. हा दुसऱ्याच गावचा आहे. ही दोन माणसं आहेत, पोरा."

मी काहीबाही म्हणालो. आजारपणाने हाताची ठेवण बदलते, कोरणी बदलली असेल, उजेड वेगळा असेल. बाईंनी ऐकून घेतले. मग त्यांनी पट्ट्या परत रुमालात बांधल्या, गाठ घट्ट मारली, आणि मला अर्ध्या दिवसाची रजा दिली.

बऱ्याच वर्षांनी मी पुढच्या दाराने घरी गेलो. दाराला काच आहे. भर दुपार होती, रस्त्यावर एक माणूस सायकलची साखळी बसवत होता, आणि आत ताई बाबांच्या खुर्चीवर बसली होती. डोळ्याला भिंग, हातात कोरणी, पुढे एक मोठे तबक. बाबा तिच्या डावीकडे स्टुलावर होते. हात मांडीखाली. ते हळू आवाजात तिला काही सांगत होते, आणि त्यांच्या सांगण्याबरोबर तिचे मनगट वळत होते. दोघे इतके जवळ होते, इतके रमलेले होते, की मी घंटा वाजवायला उचललेला हात तसाच राहिला. मग बाबांनी मान वर केली.

कुणीही दचकले नाही. ताईने ओळ पुरी केली, पितळेचा भुगा फुंकरीने उडवला, आणि भिंग काढले.

"पहिल्या दिवशी त्यांनीच घेतली होती कोरायला," ती म्हणाली. "कोरणी सटकली आणि अंगठ्यात गेली. त्याला नको दाखवूस, म्हणाले. म्हणून मी कोरली."

"आणि बाकीच्या एकोणीस?"

"एकदा दाखवल्यावर दुसऱ्या दिवशी काय सांगणार होतो? की बिघडला?"

मी पाकिटांबद्दल विचारले. चार दिवस बाबांनी ते मुकाट्याने प्यायले होते. पाचव्या दिवशी पोट बिघडले. उरलेली सोळा पाकिटे तिने कचऱ्यात टाकली. क्रमांक वाचून एकेक टाकली, रोज एक, निदान माझी यादी तरी बरोबर राहावी म्हणून. हे सांगताना तिला हसू आले, आणि ते हसू ओठांवर आले तसेच विरून गेले.

"दुकानातलं सगळं काम वर्षभर मीच करतेय," ती म्हणाली. "गिऱ्हाइकांना माहितीये. समोरच्या न्हाव्याला माहितीये. एकाच घरात राहून तुलाच तेवढं दिसलं नाही."

मी विचारले, की मग कारखान्याचे काय. आज पाच तारीख आहे, ती म्हणाली. जागा भरली.

बाबांनी मांडीखालून हात काढला. तो टेबलाच्या कडेवर ठेवायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. अंगठ्यावर एक भरून आलेली खूण होती. हात तिथे एखाद्या वेगळ्याच प्राण्यासारखा आपल्या लयीत हलत राहिला.

"तुझ्या कॉफीचा काही दोष नाही रे," ते म्हणाले. "तू एवढं मन लावून केलंस. मला वाटलं, तुला बरं वाटेल."

ताईने भिंग पुन्हा डोळ्याला लावले. तबक संध्याकाळपर्यंत द्यायचे होते.

दुसऱ्या दिवशी मी मालकांकडे गेलो आणि डब्यावरची ती ओळ काढून टाका म्हणालो. मालकांचा चेहरा उतरला. ओळ काढायला त्यांची ना नव्हती, पण कारण लेखी हवे होते, कारण नमुना छापून झाला होता आणि कुणाला तरी उत्तर द्यावे लागणार होते. मी चाखणीच्या खोलीत येऊन कागद पुढे ओढला. बाई बियांचा रंग पाहत होत्या, माझ्याकडे पाठ करून. मी लिहिले, की प्रयोगाच्या काळात घरच्या मंडळींनी माझी दिशाभूल केली, पट्ट्या दुसऱ्याच व्यक्तीने कोरल्या होत्या, आणि ही बाब मला काल प्रथमच समजली. खाली सही केली. कागद मालकांकडे गेला. त्यांनी वाचला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, घरच्यांनीच असं करावं, वाईट वाटतं.

मी मान हलवली. त्यांचा हात पाठीवर होता तोवर मी ती हलवतच राहिलो.

माझ्या शाळेच्या वह्यांवर 'गृहपाठ' हा शब्द दहा वर्षे ताईच लिहून देत असे. ह लिहिताना शेवटचे वळण ती जरा घाईने घेते. पहिल्याच संध्याकाळी, पहिल्याच पट्टीवर, मी ते ओळखले होते.